मोरीची आंघोळ

मुलुंड पूर्व
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय मधू,

काल फोनवर आपलं जे झालं त्याला बोलणं म्हणत नाहीत. मी म्हटलं, मोरी तुंबली. तू म्हणालीस, गोरी कोण, डॉक्टरची बायको का? ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारत राहिलं. मोबाइलवर लिहावं तर तुला अक्षरं दिसत नाहीत, आणि गंधालीने वाचून दाखवायचं म्हटलं तर तुझी लेक तिला महत्त्वाचं वाटेल तेवढंच वाचते. म्हणून आज सरळ कागद घेऊन बसले. शाळेत बाकाखालून चिठ्ठ्या सरकवायचो ना, तसंच समज.

तर मोरी तुंबली. आपली नाही, शेजारच्या डॉक्टरांची, पण आपल्यामुळे.

तू नवीन बिल्डिंग पाहिलीच नाहीस, म्हणून आधी नकाशा सांगते. चाळीत आपल्या पोळी-भाजी केंद्राची मोरी म्हणजे भिंतीला भोक आणि भोकापलीकडे गटार. पाणी ओतलं की गेलं. आता चाळीच्या जागी टॉवर झाला, आपल्याला तळमजल्यावर गाळा मिळाला, टाइल्स काय, एक्झॉस्ट काय, सगळं झकास. पण सांडपाण्याचा पाइप आपल्या ओट्याखालून निघतो, डॉक्टर यज्ञेशच्या दातांच्या दवाखान्यामागून लांबच लांब जातो आणि मग कुठे मागच्या चेंबरला मिळतो. शिवाय ओट्याखाली एक स्टीलची पेटी बसवली आहे. खाण्याच्या प्रत्येक गाळ्याला सोसायटीने ती बसवायला लावली. ग्रीस ट्रॅप म्हणतात तिला, आपल्या बायका नुसतं पेटी म्हणतात. भांड्यांचं तेल-तूप पेटीत अडकायचं आणि नुसतं पाणी पुढे जायचं, अशी त्यातली कल्पना.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या दवाखान्यात जमिनीच्या जाळीतून आपलं पाणी वर आलं. तेलकट, पांढुरकं, वर कढीपत्ता तरंगतोय. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या. त्या तशाच, दाढेत कापूस घेऊन, बाहेर. डॉक्टर बिचारा भला माणूस आहे, भांडला नाही. एवढंच म्हणाला की मावशी, माझ्याकडे लोक दात काढायला येतात आणि वासाने भूक लागून परत जातात.

पण सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदरराव भले नाहीत. त्यांनी ऐकवलं की दिवाळीपर्यंत असं परत झालं तर गाळ्याचं पाणी तोडणार आणि स्वयंपाक बंद. मधू, दिवाळीच्या फराळावर आपलं अर्धं वर्ष चालतं हे तुला मी सांगायला नको. चौदा बायकांच्या घरच्या चुली त्यावर आहेत.

मला कळत नाही ते एकच. पेटी एकदम स्वच्छ आहे गं. झाकण उघडलं तर आत तोंड दिसेल इतकी. तू घालून दिलेली मोरीची आंघोळ मालन एक दिवस चुकवत नाही. मग तुंबतं का?

तुझी,
नीला

*

इंदूर
२८ सप्टेंबर

नीले,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्या मेल्यासारखं. पण वाचलं. गंधालीच्या हातात दिलं नाही.

तुंबतं का म्हणून काय विचारतेस? आंघोळ कमी पडते म्हणून तुंबतं. चाळीत आपण रोजचे किती डबे करायचो आणि आता किती करता, बघ जरा. काम वाढलं आणि आंघोळ तेवढीच. उद्यापासून दोनदा घाला, एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी बंद करताना. मोठं पातेलं भरून पाणी चांगलं खळखळ उकळायचं, मूठभर धुण्याचा सोडा टाकायचा आणि एका दमात ओतायचं. थेंब थेंब नाही. आणि ते मालनच्याच हातून. नवीन पोरी घाबरून अर्धं पाणी ओट्यावर सांडतात.

सुरुवात आठवते ना? पहिल्या पावसाळ्यात मोरीतून ती झुरळांची फौज निघाली आणि तू ओट्यावर चढून बसलीस. मी म्हटलं, माणसाला रोज आंघोळ लागते, मग मोरीने काय पाप केलंय. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. किती केंद्रं निघाली आणि घाणीपायी बंद पडली. आपलं राहिलं.

खरं सांगू का तुला. इथे सगळं चांगलं आहे. जावई केयूर मला आई म्हणतो, हवं नको बघतो. पण इथल्या स्वयंपाकघरात माझं कोणी ऐकत नाही. चहात आलं टाकलं तर गंधाली म्हणते, आई तू बस ना. दिवसभर बसून असते. दुपारी तुमची बंद करायची वेळ झाली की मात्र घड्याळाकडे बघते. वाटतं, आता मालनने पातेलं चढवलं असेल. तिकडे अजून माझ्या शब्दाने पाणी उकळतं, एवढं मला पुरतं.

तेव्हा दोनदा. विसरू नकोस.

मधुवंती

*

मुलुंड पूर्व
८ ऑक्टोबर

प्रिय मधू,

तू सांगितल्याप्रमाणे दोनदा सुरू केलं. मालनला तुझा निरोप दिला तर तिचं तोंड असं काही फुललं की जणू बढती मिळाली.

आणि परवा परत तुंबलं. आधीपेक्षा जोरात.

श्यामसुंदरराव स्वतः खाली आले, पँट दुमडून पाण्यात उभे राहिले. पाणी त्याच दिवशी तोडणार होते. डॉक्टरने मध्ये पडून वाचवलं, खरंच देवमाणूस. म्हणाला, एक संधी द्या, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, हॉटेलांच्या अशा पेट्या साफ करणं हेच तिचं काम. आता ही शेवटची संधी. पुन्हा पाणी आलं की केंद्र बंद, असं कागदावर घेतलंय माझ्याकडून.

ती मुलगी काल आली. मधू, तू इथे असायला हवी होतीस. बेव्हर्ली नाव. अंधेरीच्या मरोळ गावठाणातली, तिकडच्या जुन्या ख्रिस्ती घरातली. मराठी आपल्यासारखीच फाडफाड बोलते, फक्त मधूनच त्यांचा हेल लागतो. लिपस्टिक, कानात क्रॉस, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि मागे छोटा टेम्पो, त्यात झाकणाचे ड्रम. बरोबर दोन माणसं. हॉटेल मॅनेजमेंट शिकली, मोठ्या हॉटेलात शेफ व्हायला गेली आणि तिथे ऐन लग्नाच्या जेवणात किचनची मोरी तुंबलेली बघितली. नवरदेव बाहेर ताटकळलेला आणि आत शेफ लोक गुडघाभर पाण्यात. हिने तिथेच ठरवलं की जेवण बनवणारे पुष्कळ आहेत, आपण हे करायचं. लाज-बीज काही नाही हां. उलट तोरा असा की विचारू नकोस. मला म्हणाली, आंटी, माझ्याशिवाय पवईतली अर्धी हॉटेलं बुडतील, आणि ते अक्षरशः.

वासावरून तिने ओळखलं की आदल्या दिवशी आपण कोथिंबीर वडी तळली होती. कचऱ्याची जाळी बघून म्हणाली, तुमच्याकडे कोणीतरी भात निथळताना घाई करतं. आणि ती मंदाच की गं! अंधेरीतल्या एका हॉटेलने तळघरातल्या मोठ्या टाकीत माणूस उतरवून साफ करायला सांगितलं, तर ही म्हणाली, आधी तुमचा मॅनेजर उतरवा, मग माझा माणूस उतरेल. आणि टेम्पो वळवून निघून आली. मोठं काम गेलं. त्याचं तिला काहीच नाही. टाकीतल्या विषारी वाफेने माणूस हाक मारायच्या आत जातो, ती म्हणाली, आणि हे सांगताना पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. मला तिचं फार कौतुक वाटलं. तिची दोन माणसं तिच्याकडे ज्या नजरेने बघतात ना, त्यावरून ती कशी आहे ते कळतं.

मग तिने आपल्या पेटीचं झाकण उघडलं. आम्ही सगळ्या मागे उभ्या, आता शाबासकी मिळणार म्हणून. आत बघितलं आणि म्हणाली, "वाट लागली."

मालन म्हणाली, अहो, चकचकीत तर आहे. तर बेव्हर्ली म्हणते, तेच तर ना मावशी. पेटी चकचकीत आहे म्हणजे तिच्यात काही अडकतच नाहीये. सगळं पुढे पळतंय. इतकी स्वच्छ पेटी मी नवीनसुद्धा बघितली नाही. तुम्ही हिच्यात रोज ओतता तरी काय?

मग बरंच बोलणं झालं. ते सगळं आत्ता लिहीत नाही, हात दुखतोय. बघू काय करायचं ते.

तब्येत सांभाळ. आल्याचा चहा पी, गंधालीला सांग मी सांगितलंय.

नीला

*

इंदूर
१२ ऑक्टोबर, दसरा

नीले,

सोनं समज आणि कागद हातात धर.

तुझी बेव्हर्ली टाकी सोडून आली ते वाचून मला तिला एक साडी द्यावीशी वाटली. गंधालीलाही वाचून दाखवलं. पण पेटीबद्दल पोरगी काहीच्या काही बोलते. स्वच्छ आहे म्हणून वाट लागली? उद्या म्हणेल, ताट घासलेलं आहे म्हणून जेवू नका. हॉटेलांची घाण बघून बघून तिची नजर मेलीये, चांगलं दिसलं की तिला संशय येतो. ओतता काय विचारलं ना, मग सांगायचं होतं ताठ मानेने. मालनने सांगितलं की नाही? आमच्या मधुताईंचा नियम आहे म्हणून?

पेटी स्वच्छ आहे हे वाचून मला किती बरं वाटलं ते तुला कळायचं नाही. बिल्डिंग नवीन, गाळा नवीन, निम्म्या बायका माझ्या ओळखीच्या नाहीत आणि तरी आत माझा हात फिरतोय. संध्याकाळी सोनं द्यायला केयूरचे मित्र आले, त्यांनाही सांगितलं.

पाइपमध्ये दुसरं काहीतरी असेल. डॉक्टरचा कापूस असेल. तो तपासा म्हणावं.

मधुवंती

*

मुलुंड पूर्व
१७ ऑक्टोबर

प्रिय मधू,

कापूस नाही निघाला. बेव्हर्लीने डॉक्टरच्या मागचा पाइप उघडला आणि आत लांब तार घातली. बाहेर काय आलं सांगू? पांढरं, घट्ट, डब्यात गोठलेल्या जुन्या डालड्यासारखं. पाइपाच्या आकाराचे ओंडकेच्या ओंडके. ते तिने ड्रमात भरून झाकण लावून नेलं. गटारात टाकू देत नाही ती, साबणवाल्यांना देते. जाताना डॉक्टरची फरशी तिच्या माणसांनी पुसून दिली आणि हिने वर डॉक्टरकडून एक दात फुकटात तपासून घेतला.

पाइप आत्ता मोकळा आहे. सोमवारी फराळाची कढई चढेल. ती चढली की रोज तेलात हात, तुला माहीतच आहे. पेटीने तेल धरलं तर दिवाळी पार, नाही तर चकली अर्ध्या वाटेवर असताना नळ बंद.

पेटी कशी चालते ते तिने आम्हाला समजावलं, ते तुला सांगते, तुला आवडेल. पेटीत आडवे पडदे आहेत. पाणी आत आलं की तिथे जरा थांबतं, निवतं. निवलं की तेल-तूप वर येऊन साय धरतं. आणि पुढे जायचं भोक खाली आहे, त्यामुळे खालचं नुसतं पाणी निघून जातं. वरची साय काढून घ्यायची की झालं. बस, एवढंच. यंत्र नाही, वीज नाही. थांबणं आणि निवणं यावर सगळं.

बाकी बरं आहे. म्हणजे, फारसं नाही. मालनशी माझं वाजलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कशावरून ते तुला लिहीत नाही, तुझं ब्लडप्रेशर मला माहीत आहे. पण ती पदर खोचून पातेल्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मधुताईंनी सांगितलं तर ऐकेन. तुमचं नाही ऐकणार." आणि रडायला लागली. मी पण रडले. पोळ्या करपल्या. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून बघतंय.

तिचा मला राग येत नाही गं. नवऱ्याने टाकलं तेव्हा तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. तू तिच्या हातात लाटणं दिलंस, वर मोरीचं काम दिलंस, म्हणालीस की हे मी विश्वासाच्या माणसालाच देते. ती ते विसरलेली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही असंच केलं असतं.

मी तिला आज पुन्हा समजावते. तू काळजी करू नकोस, झोप नीट.

नीला

*

इंदूर
२१ ऑक्टोबर

नीले,

हे कुरिअरने पाठवतेय. पोस्टाच्या भरवशावर राहायला वेळ नाही.

काल काय झालं ते ऐक. इथे अजून उकाडा आहे. गंधालीने साठवलेली साय विरजून मिक्सरला लावली. मिक्सर फिरतोय, फिरतोय आणि लोणी काही येईना. तिने मला विचारलं, आई, जरा गरम पाणी घालू का? मी खुर्चीतून ओरडले, "गरम घातलंस तर सगळं लोणी ताकात विरघळून जाईल. गार घाल, बर्फ घाल. गार झाल्याशिवाय ते वर येत नाही."

तोंडातून शब्द गेले आणि मी उठले. तुझं पत्र तिथेच ओट्यावर होतं. थांबणं आणि निवणं. मी ते उचलून पुन्हा वाचलं. मग आधीचं काढून वाचलं. तुम्ही हिच्यात रोज ओतता तरी काय, आणि मग बरंच बोलणं झालं.

गाढवे. तुझा हात दुखत होता काय?

पेटीने धरलेलं तूप आपण रोज उकळत्या पाण्याने सोडवून पुढे पाठवतो आणि ते डॉक्टरच्या मागे जाऊन निवतं. मी दोनदा घाला म्हटलं, तर दुप्पट गेलं. बेव्हर्ली आली त्याच दिवशी तुला कळलं होतं आणि तू मला दोन पत्रांत पेटीची मजा सांगत बसलीस. मी काय काचेची बरणी आहे? केंद्र बंद पडलं असतं तर मग काय लिहिलं असतंस, हात दुखतोय?

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. काल जेवले नाही. गंधाली येऊन विचारून गेली, तिला म्हटलं पित्त झालंय. तिकडे माझं एवढंच उरलं होतं आणि तेच नडलं, असं मनात येत राहिलं. तू का लपवलंस तेही कळलं. तुझ्या पहिल्या पत्राला मी जे उत्तर लिहिलं, घड्याळाचं वगैरे, त्यानंतर तुझ्याच्याने लिहवलं नसेल. तू अशीच. शाळेत माझा पेपर कोरा राहिला तेव्हाही मला न सांगता बाईंकडे जाऊन तूच रडलीस.

पण रात्रभर पडून एक ठरवलं. मोरी धुण्यासाठी मी केंद्र काढलं नव्हतं. केंद्र चालावं म्हणून मोरी धुतली.

सोबत मालनसाठी चिठ्ठी आहे. तू वाचून दाखवू नकोस. तिला येतं वाचता, वेळ लागतो तेवढा लागू दे. तिच्या हातात दे आणि बाजूला हो.

मधू

*

(सोबतची चिठ्ठी)

मालन,

हे मी स्वतः लिहितेय. कोणी सांगून लिहवून घेतलेलं नाही.

आजपासून मोरीची आंघोळ बंद. चाळीत मोरीला लागून गटार होतं, तिथे गरम पाणी बरोबर होतं. नवीन जागेत पाइप लांब आहे, तिथे ते चूक आहे. लोणी काढताना ताक गरम झालं तर काय होतं ते तुला माहीत आहे. ही पेटी म्हणजे तसंच. तिला गार ठेवायचं.

तेलकट भांडं पाण्याखाली धरायच्या आधी रद्दीच्या कागदाने कोरडं पुसायचं. मोरीत गार पाणी. सोडा नाही. दुपारी सगळं आवरल्यावर झाकण उघडायचं, वर आलेलं पळीने हलकेच काढून डब्यात भरायचं, खाली ढवळायचं नाही. डबा त्या बेव्हर्लीला द्यायचा. ती सांगेल ते ऐक, पोरगी शहाणी आहे.

हे काम मी विश्वासाच्या माणसालाच देते. पळी तुझ्याच हातात.

नीलाताईंशी बोल. त्यांनी तुझी बाजू घेतली आहे.

मधुताई

*

मुलुंड पूर्व
५ नोव्हेंबर

प्रिय मधू,

शिव्या मिळाल्या. पोट भरलं. दिवाळीच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला, त्याच्याबद्दल अजून दोन दे.

चिठ्ठी आली तेव्हा शेवेचा घाणा चालू होता. मी मालनच्या हातात दिली आणि बाजूला झाले, तू सांगितलंस तसंच. तिने हात पुसले, पदराने चष्मा पुसला आणि ओट्याला टेकून वाचायला लागली. ओठ हलवत वाचते, माहीत आहे ना. सगळ्या बायकांचे हात थांबले. शेव तांबूस झाली, मग करपली, कोणी काढेना. वाचून झाल्यावर तिने पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि कोपऱ्यातलं ते मोठं पातेलं उचललं. मला वाटलं, आता फेकते. तिने ते काथ्याने घासलं, लख्ख केलं आणि मला म्हणाली, चकलीच्या उकडीला एवढं मोठं भांडं नव्हतंच आपल्याकडे. बस. माझ्याशी भांडणाचं एक अक्षर नाही. संध्याकाळी जाताना माझ्या पिशवीत दोन बेसनाचे लाडू मात्र होते.

आता तुला मुख्य बातमी. पूर्ण फराळ झाला. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, अनारसे सगळं. कढई शेवटच्या दिवसापर्यंत उतरली नाही आणि डॉक्टरची फरशी कोरडी. एक थेंब नाही. नरक चतुर्दशीला मी पहाटे उटणं लावून आंघोळीला बसले आणि आपलं हसू आलं. म्हटलं, यंदा आंघोळ आमची, मोरीची नाही. भाऊबीजेला श्यामसुंदरराव आले, तो माझ्याकडून लिहून घेतलेला कागद माझ्यासमोर फाडला आणि पाव किलो अनारसे मागितले. फुकट नाही दिले. डॉक्टरला मात्र फुकट दिले. तो म्हणतो, मावशी, आता वास येत नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते काल झालं.

बेव्हर्ली महिन्याच्या सफाईला आली. पेटीचं झाकण उघडलं तर मालनने आदल्या दुपारी काढूनही वर बोटभर जाड पिवळट साय, एकदम जमलेली. तिने काठी घालून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, आंटी, ही आता खरी घाण पेटी झाली. तिचा चेहरा बघायला हवा होतास. आजारी पोराने पहिला घास खाल्ल्यावर आईचा होतो तसा. मग तिने आपल्या माणसाला हाक मारून पेटी विसळायला बादलीत जरा कोमट पाणी मागितलं. कोमटच हां, काही चुकीचं नव्हतं, ती पेटी रिकामी करूनच विसळणार होती.

पण मालनने ऐकलं. पोळपाट सोडून आली, बेव्हर्ली आणि पेटीच्या मध्ये उभी राहिली, कमरेवर हात. नवीन लागलेल्या दोन पोरी बघत होत्या, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या मोरीत गरम पाण्याचा थेंब पडायचा नाही. मधुताईंचा नियम आहे."

मधू, ज्या बेव्हर्लीने हे आम्हाला पहिल्यांदा सांगितलं, तिला मालन तुझ्या नावाने हे ऐकवत होती. मी तोंडाला पदर लावला. आता ही पोरगी काय बोलेल म्हणून जीव मुठीत. बेव्हर्लीने माझ्याकडे बघितलं, मालनकडे बघितलं. मग हातातली काठी खाली ठेवली.

म्हणाली, "सॉरी मावशी. गारच द्या. मधुताईंना विचारल्याशिवाय मी इथे काही करणार नाही."

दुपारी बंद करायची वेळ झाली की तू घड्याळाकडे बघतेस ना, तशीच बघत जा. त्याच वेळेला मालन पळी घेऊन बसते.

तुझी,
नीला